रजेवरचा हवालदार आणि वाळूचा मंत्री : एका तमिळ चित्रपटाच्या हुकलेल्या तारखेची गोष्ट

(प्रकरण गेल्या काही वर्षांतलं आहे. चित्रपट, माणसं आणि कंपन्या ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि कथानकातले काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

मी गेली चौदा वर्षं चेन्नईत राहते. वडपळनी, सालिग्रामम, कोडंबाक्कम या पट्ट्यात तमिळ चित्रपटांचं संकलन, डबिंग, मिक्सिंग चालतं. तिथे मी चित्रीकरणानंतरचं सगळं काम बघते आणि शेवटी चित्रपट सेन्सॉरकडे नेते. सेन्सॉरचे कागद भरणं हे या धंद्यात कुणालाच आवडत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा माझ्याकडे येतं.

हा चित्रपट मध्यम बजेटचा होता. नायक मद्रास रेजिमेंटमधला हवालदार. दोन महिन्यांच्या वार्षिक रजेवर तो वेल्लोरजवळच्या आपल्या गावी येतो. वडील माजी सैनिक. त्यांना सरकारकडून कसायला मिळालेली जमीन पालार नदीच्या काठाला आहे. नदीतली वाळू चोरून उपसणाऱ्यांना ट्रक न्यायला नेमकी तीच वाट हवी असते. मग खोट्या कागदांवर जमीन भलत्याच माणसाच्या नावावर चढते, म्हातारा कचेरीच्या पायऱ्या झिजवून थकतो, आणि या सगळ्यामागे जिल्ह्यातला एक मंत्री असल्याचं मुलाला हळूहळू कळत जातं. रजा संपायच्या आत त्याला हे निस्तरायचं असतं. रजेचे दिवस पडद्यावर उलटे मोजले जातात. थरार सगळा तिथून येतो.

वेल्लोर निवडण्यात दिग्दर्शकाचा विचार होता. या जिल्ह्यात घराघरातून माणसं फौजेत गेलेली आहेत. कम्मवानपेट्टै नावाच्या गावाला तर लोक 'मिलिटरी पेट्टै'च म्हणतात. माझं आजोळ साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरीपासून जवळ, त्यामुळे हे गाव मला पहिल्या भेटीतच ओळखीचं वाटलं. दुसरं कारण राजकीय होतं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदानाला दोन दिवस उरले असताना वेल्लोरची निवडणूक रद्द झाली होती, मोठी रोकड सापडल्यामुळे. पैशांमुळे लोकसभेची निवडणूक रद्द होण्याची ती देशातली पहिली वेळ, आणि मतदान मग ५ ऑगस्टला झालं. ज्या जिल्ह्यात एका घरातला मुलगा सीमेवर उभा असतो आणि त्याच घराच्या उंबऱ्यावर मताचे पैसे ठेवले जातात, तिथली ही गोष्ट असं दिग्दर्शक पहिल्या बैठकीत म्हणाला. मी हे काम घेतलं ते त्या एका वाक्यासाठी.

सगळ्यांना भीती होती ती राजकारणाची. तामिळनाडूत तसं वाटणं साहजिक आहे. २०१७ मध्ये एका मोठ्या नटाच्या चित्रपटातल्या जीएसटीवरच्या संवादांवरून गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी त्याच नटाच्या दुसऱ्या चित्रपटात लोक सरकारने फुकट वाटलेले मिक्सर-ग्राइंडर आगीत टाकताना दाखवले, तेव्हा थिएटरांसमोर निदर्शनं झाली आणि चालू चित्रपटातून ते दृश्य काढावं लागलं, एका पात्राचं नाव मूक करावं लागलं. हे आमच्या निर्मात्याने पाहिलेलं होतं. त्यामुळे आम्ही फार जपून होतो. तमिळ पुढाऱ्याच्या वेट्टीला, म्हणजे कमरेला नेसायच्या पांढऱ्या वस्त्राला, पक्षाच्या रंगांची किनार असते, 'करै वेट्टी' म्हणतात तिला. त्या किनारीवर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. लाल-काळं नको, लाल-पांढरं-काळं नको, हिरवं नको, पिवळं नको. शेवटी जांभळी आणि नारिंगी किनार विणून घेतली, कारण त्या जोडीचा कुठलाच पक्ष आम्हाला आठवेना. मंत्र्याचं नाव तीनदा बदललं. खात्याचं नाव काढून टाकलं. वकिलाने संहिता राजकारणाच्या अंगाने तीन वेळा वाचली.

सैनिकाच्या अंगाने ती एकानेही, एकदाही वाचली नाही.

अडचण कशी उभी राहिली

जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून कळवलं होतं की सैन्याचा विषय असलेला चित्रपट, माहितीपट किंवा मालिका लोकांसमोर आणण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना हरकत पत्र घ्यावं. हे पत्र आमच्या धंद्यात सगळ्यांना ऐकून माहीत होतं. मलाही होतं. संहिता हातात आली तेव्हा मी विषय काढला. निर्मात्याचं उत्तर असं की आपण सैन्याची एक जीपही मागत नाही, छावणीत शूटिंग नाही, युद्ध नाही. गणवेश सगळा मिळून अकरा मिनिटं दिसतो. हा गावचा चित्रपट आहे. आधीच्या पिढीत फौजी नायकांचे किती चित्रपट झाले, कुणी विचारलं होतं का?

मला ते पटलं नव्हतं, पण मी पुन्हा बोलले नाही. नंतर जे झालं त्यात माझा वाटा इथून सुरू होतो.

गणवेश आला तो नाटक-सिनेमाला कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून. वेशभूषाकाराला अद्ययावत दिसायचं होतं, म्हणून त्याने सैन्याचा नवा, बारीक चौकटींच्या नक्षीचा लढाऊ गणवेश कुठूनतरी शिवून आणला. हा गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि त्याच वर्षी सैन्याने त्याच्या नक्षीची आणि आराखड्याची स्वतःच्या नावाने नोंदणीही केली. तो कापड घेऊन कुणालाही शिवता येत नाही. आमच्या युनिटमध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रदर्शनाची तारीख ठरली १५ ऑगस्टच्या आठवड्याची. पोस्टर लागलं, जिल्हावार वितरक ठरले, ओटीटी कंपनीशी करार झाला. करारात लिहिलं होतं की थिएटरनंतर चार आठवड्यांनी चित्रपट त्यांच्याकडे दिसेल, आणि थिएटरची तारीख सरकली तर किंमत कमी होईल. तमिळमध्ये चार आठवड्यांचं हे अंतर आता रूढच आहे. त्यामुळेच अशा चित्रपटांच्या हिंदी आवृत्तीला मुंबई-पुण्यातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांत जागा मिळत नाही, त्यांना हिंदीसाठी आठ आठवडे हवे असतात. ते नुकसान आम्ही आधीच सोसून बसलो होतो. तमिळची तारीख मात्र हलवणं परवडणारं नव्हतं.

सेन्सॉरचा अर्ज मी तारखेच्या पाच आठवडे आधी भरला. चित्रपटाचं शेवटचं रीळ तोवर पूर्णही झालं नव्हतं, पार्श्वसंगीत बाकी होतं. ते आलं आणि अर्जानंतर दहा दिवसांनी तपासणी समितीपुढे खेळ झाला.

खेळ चालू असताना निर्मात्याच्या माणसांना आत बसता येत नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर. दिग्दर्शकाने मांडीवर एक यादी धरली होती, मंत्र्याच्या कुठल्या संवादावर काय आक्षेप येईल आणि त्याला काय उत्तर द्यायचं याची. सतरा मुद्दे होते. आत बोलावलं तेव्हा त्यातला एकही मुद्दा तसा निघाला नाही. दोन शिव्या मूक करा, रक्ताचा एक जवळचा शॉट छोटा करा, एका योजनेचं नाव खऱ्या योजनेसारखं ऐकू येतं ते बदला. बैलगाडीच्या दृश्यासाठी प्राणी कल्याण मंडळाचं पत्र आम्ही जोडलेलंच होतं. यूए मिळेल असं दिसत होतं, म्हणजे टीव्हीचे हक्कही वाचले. ए प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही, त्यामुळे तमिळ निर्मात्याचा अर्धा जीव त्या एका अक्षरात अडकलेला असतो.

मग शेवटचा प्रश्न आला. नायक सेवेतला सैनिक आहे. मध्यंतराला तो गणवेशात राजकीय मिरवणुकीच्या मध्ये उभा राहतो. शेवटी गणवेशातच मंत्र्याला मारतो. संरक्षण मंत्रालयाचं पत्र कुठे आहे?

दिग्दर्शकाने यादीकडे पाहिलं. हा मुद्दा तिच्यात नव्हता. प्रश्न रास्त होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाच आठवड्यांतले साडेतीन उरले होते.

समोर काय पर्याय होते

त्या रात्री निर्मात्याच्या ऑफिसात सहा जण बसलो. निर्माता, दिग्दर्शक, संकलक, वकील, वितरकांचा एक प्रतिनिधी आणि मी.

पहिला पर्याय वितरकाने मांडला : कोर्टात जाऊ. पूर्वी बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध अपील ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता थेट उच्च न्यायालयच. आणि तमिळ चित्रपटाच्या बाजूने कायद्यात मोठा आधार आहे. १९८९ चा एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका तमिळ चित्रपटावरचाच. निदर्शनांच्या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दाबता येणार नाही, विचार आणि धोका यांचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असायला हवा, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. वकिलाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. तो निकाल मताबद्दल आहे, म्हणाला. तुमच्या मताला कुणी हात लावलेला नाही. मंत्री भ्रष्ट आहे, तो तसाच राहिला. तुमच्याकडे एक कागद मागितलाय, तो तुम्ही कधी मागायलाच गेला नाहीत. न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारेल. माझ्या मते त्या रात्रीतलं सर्वांत उपयोगाचं बोलणं हेच होतं, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत झालं हे आमचं नशीब.

दुसरा पर्याय : गणवेश पुसून टाकायचा. संगणकावर रंग बदलून त्याला वन खात्याचा किंवा खासगी सुरक्षारक्षकाचा करायचा. संकलकाने एका शॉटवर करून दाखवलं. दिसायला चाललं असतं. पण ज्या बापाने मुलाला पलटणीत धाडलं त्याचीच जमीन जाते, हे मग उरतच नाही.

तिसरा : नायक निवृत्त आहे असं डबिंगमध्ये सांगायचं. दोन-तीन वाक्यं बदलली की झालं. खर्च जवळपास नाही. निर्माता याच्याकडे झुकला होता. दिग्दर्शक उठून बाहेर गेला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, निवृत्त माणसाला रजा नसते. रजा नसेल तर पडद्यावरचे उलटे मोजलेले दिवस कशाचे? त्याचं बरोबर होतं. रजेचा घड्याळकाटा काढला की उत्तरार्धाचा कणाच निघत होता.

चौथा : दिल्लीला अर्ज करायचा, पत्र येईपर्यंत थांबायचं आणि तारीख सोडायची. या पर्यायाबद्दल त्या रात्री कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

निर्णय झाला नाही. मी एकच सुचवलं की ठरवण्याआधी हा चित्रपट फौजेत आयुष्य काढलेल्या एका तरी माणसाला दाखवू. हे वर्षभर आधी सुचायला हवं होतं.

काय केलं

वेशभूषाकाराच्या ओळखीतून वेल्लोरकडचे एक निवृत्त सुभेदार मेजर मिळाले. सत्तरीचे, ताठ. एडिटिंगच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली तर म्हणाले, उभ्याने बघतो. अडीच तास उभे राहिले. मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर त्यांनी मागे न्यायला सांगितलं आणि एकेक दाखवू लागले.

"याला दाढी कशी?" ही पहिली गोष्ट. फौजेत शीख सोडून कुणाला दाढी ठेवता येत नाही. आमच्या नायकाची दाढी ही त्याची ओळख, पोस्टरवर तीच. युनिटमधल्या ऐंशी माणसांपैकी कुणाच्या मनात हे आलं नव्हतं. दुसरं, शेवटी तो डोक्यावर काही नसताना हाताने सलामी देतो. टोपी नसेल तर आपल्याकडे तशी सलामी देत नाहीत, सावधान उभं राहायचं. तिसरा तो नवा गणवेश. चौथी गोष्ट त्यांनी स्क्रीनला बोट लावून दाखवली. टोपीवरचा बिल्ला. ढाल, दोन तलवारी आणि हत्ती. "हा आमचा हत्ती आहे," ते म्हणाले. "खून करायला निघालेल्या माणसाच्या कपाळावर तुम्ही तो लावलाय."

मला त्या हत्तीची गोष्ट ठाऊक होती. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांविरुद्ध इंग्रजांकडून लढलेल्या मद्रासी पलटणींना तो मिळाला. मराठ्यांच्या पराभवाची खूण म्हणून शाळेत वाचलेला हत्ती एका म्हाताऱ्या तमिळ सैनिकासाठी काय आहे, हे मला त्या खोलीत कळलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, ते दुखावले होते.

मग ते मुद्द्यावर आले. सेवेतला सैनिक राजकीय सभेत, मिरवणुकीत भाग घेऊ शकत नाही, सैन्याच्या कायद्यात आणि नियमांत तशी सरळ बंदी आहे. मध्यंतराचं दृश्य त्याविरुद्ध जातं. आणि जमिनीचा तंटा असेल तर जवान काय करतो, हे तुम्ही दाखवलंच नाही. तो आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज देतो. साहेब कलेक्टरला पत्र लिहितात. जिल्ह्याच्या माजी सैनिक कल्याण कार्यालयात जाता येतं. सीमेवर असलेल्या जवानाविरुद्ध कोर्टात दावे एकतर्फी पुढे रेटले जाऊ नयेत म्हणून १९२५ चा एक कायदासुद्धा आहे. "त्याने हे सगळं करून बघितलं आणि तरी काही झालं नाही, असं दाखवा. मग मला त्याच्याबद्दल वाईट वाटेल. तुमचा पोरगा तर पहिल्या दिवसापासून मारामारीला तयार आहे."

दिग्दर्शकाने वहीत लिहायला सुरुवात केली. पटकथेतली जी पोकळी आम्ही वेगाने झाकली होती ती त्यांनी उभ्या उभ्या शोधली होती : नायक कायद्याचा रस्ता चालून बघतच नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या घरात, देवाच्या फोटोखाली, काळी लोखंडी ट्रंक होती. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव, खाली युनिट. अक्षरं हाताने काढलेली, शेवटची दोन अक्षरं जागा न पुरल्याने दाटीवाटीने. माझ्या मामाच्या घरी साताऱ्याकडे अशीच ट्रंक आहे, नावातली शेवटची अक्षरं तशीच दबलेली. मी दिग्दर्शकाला हात धरून ती दाखवली. तो बराच वेळ झाकणाकडे बघत बसला. परतीच्या वाटेवर, काट्पाडीला चहा घेताना त्याने नवा शेवट सांगितला. साहेबांचं पत्र कलेक्टर कचेरीत धूळ खात पडलंय हे कळल्यावर हवालदार घरी येतो. गणवेश काढतो, घडी घालतो, बिल्ला काढून रुमालात बांधतो, सगळं ट्रंकेत ठेवतो, कुलूप लावून किल्ली बापाच्या हातात देतो. मग साधा शर्ट आणि लुंगी घालून वाळूच्या नदीकडे जातो. पुढे जे होतं ते एका शेतकऱ्याच्या पोराच्या हातून होतं. आणि मंत्री मरत नाही. रोकड भरलेली गाडी आणि वाळूच्या नोंदींची वही गावासमोर उघडी पडते, निवडणूक रद्द होते. वेल्लोरच्या लोकांना हे सांगून समजावावं लागणार नव्हतं.

निर्मात्याला हे सांगायला तिघे गेलो. पुन्हा शूटिंग म्हणजे खर्च, तारीख सोडणं म्हणजे ओटीटीची कपात आणि फायनान्सरचं वाढतं व्याज. तो गप्प बसला, मग विचारलं, "या चित्रपटाचा ट्रेलर माझ्या गावातल्या माजी सैनिकांनी बघितला तर ते माझ्याशी बोलतील का?" कुणी उत्तर दिलं नाही. त्याने वितरकांना फोन लावायला घेतला.

१५ ऑगस्ट सोडला. मी आधीचा अर्ज मागे घेतला. पाच रात्री पुन्हा शूटिंग झालं. पालारमध्ये तोवर पाणी आलं होतं, त्यामुळे नदीतल्या प्रसंगांचा एक मोठा भाग दुसऱ्या नदीच्या पात्रात करावा लागला. जाणकाराला तो जोड आजही दिसतो. नायकाने दाढी काढली. आधीच्या प्रसंगांत तो पोहोचतो तेव्हाच बिनदाढीचा असल्याचं जुळवायला अनेक शॉट नव्याने घेतले, काही रजेच्या मधल्या दिवसांवर ढकलले, जिथे दाढी वाढलेली खपते. नव्या नक्षीचा गणवेश पूर्ण काढला, साधा हिरवा घेतला, हत्ती काढून आमच्या कला विभागाने काढलेला, कुठल्याही पलटणीचा नसलेला बिल्ला लावला. साहेबांच्या पत्राचा प्रसंग नवीन लिहिला. सुभेदार मेजर पाचही रात्री सेटवर होते, या वेळी खुर्चीत बसून.

संहिता आणि बदललेला चित्रपट दिल्लीला पाठवला. मंत्रालयाकडून दोन शंका आल्या. एक मध्यंतराच्या मिरवणुकीबद्दल, ती आम्हाला अपेक्षित होती. दुसरी एका संवादाबद्दल. आम्ही मिरवणुकीचे चाळीस सेकंद काढले, संवाद बदलला, आणि पत्र मिळालं. नव्याने सेन्सॉर झालं, यूए मिळालं.

निष्पत्ती

चित्रपट ठरलेल्या तारखेनंतर दहा आठवड्यांनी लागला. दिवाळीच्या मोठ्या चित्रपटांच्या तोंडावर, निम्म्याहून कमी पडद्यांवर. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फायनान्सरची देणी मिटेपर्यंत थिएटरांना चित्रपट चालवायला लागणारी डिजिटल कुलपाची किल्ली सुटली नाही. सकाळचे खेळ रद्द झाले, पहिला खेळ दुपारी. तमिळ चित्रपटाचा पहिला खेळ गमावणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळतं. ओटीटी कंपनीने करारानुसार रक्कम कापली. निर्मात्याचं नुकसान झालं, आणि ते थिएटरमध्ये भरून निघालं नाही.

वेल्लोर आणि आसपासच्या भागात तो तीन आठवडे चालला. त्या भागाच्या वितरकाने सांगितलं की ट्रंकेच्या प्रसंगाला थिएटरात शांतता असते. टीव्हीवर तो अजूनही लागतो. राजकीय बाजूने काहीच झालं नाही. नोटीस नाही, निदर्शनं नाहीत. जांभळ्या-नारिंगी किनारीकडे कुणी पाहिलंही नसावं. पण वाळू, खोटे कागद, उंबऱ्यावरचे पैसे, कलेक्टर कचेरीतलं दाबलेलं पत्र, यातलं एक अक्षरही आम्हाला मऊ करावं लागलं नाही. उलट पत्राचा प्रसंग आल्याने व्यवस्थेवरचा आरोप पहिल्यापेक्षा धारदार झाला. पूर्वी एक मंत्री वाईट होता. आता त्या मंत्र्याखाली पत्र दाबून ठेवणारे चार कारकूनही दिसू लागले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत पहिली गोष्ट संहितेच्या टप्प्याची. 'गणवेश अकरा मिनिटं दिसतो' हा हिशेबच चुकीचा होता. प्रश्न मिनिटांचा नव्हता, त्या मिनिटांत गणवेश काय करतो याचा होता. संहिता लिहून झाली तेव्हाच ती दिल्लीला गेली असती तर शूटिंग चालू असताना उत्तर आलं असतं. मंत्रालयाने नकार दिल्याचीही उदाहरणं आहेत. २०२२ मध्ये एका दिग्दर्शकाच्या सैनिकावरच्या संहितेला पत्र नाकारलं गेलं, तेव्हा बरीच चर्चा झाली. अशा पत्राची गरजच असावी का, यावर माझंही मत आहे आणि ते निर्मात्याच्या मताहून फार वेगळं नाही. पण ते मत लढवायचं असेल तर हातात वेळ आणि नकाराचा कागद हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

दुसरी गोष्ट तारखेची. पोस्टरवर तारीख छापली तेव्हा पार्श्वसंगीत बाकी होतं आणि सेन्सॉरचा अर्जही भरलेला नव्हता. १५ ऑगस्टला सैनिकाचा चित्रपट, या कल्पनेला आम्ही सगळेच भुललो. आता मी निर्मात्यांना सांगते की पोस्टरवर महिना छापा, दिवस छापू नका. ऐकतात थोडेच.

तिसरी माझी स्वतःची. मी जुलै २०२० च्या पत्राबद्दल एकदा तोंडी बोलले आणि गप्प बसले. लेखी कळवलं असतं, वकिलाला त्यात घातलं असतं, तर निर्णय निदान डोळे उघडे ठेवून झाला असता. वकिलाला आम्ही फक्त राजकारण वाचायला दिलं, म्हणून त्याने फक्त राजकारण वाचलं.

चौथी सल्लागाराची. सुभेदार मेजरांना आम्ही दिलेलं मानधन नायकाच्या एका दिवसाच्या व्हॅनिटी व्हॅनपेक्षा कमी होतं. ते संहितेच्या वेळी असते तर दाढी, सलामी, हत्ती यांतलं काही झालंच नसतं. मुख्य म्हणजे पत्राचा प्रसंग पहिल्या खर्ड्यातच आला असता आणि त्यासाठी पुन्हा शूटिंग करावं लागलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र दिग्दर्शकाचं आणि माझं अजून जमत नाही. ती मध्यंतराची चाळीस सेकंदं. मिरवणूक दोन्ही बाजूंनी जाते, ढोल, फुलं, पैशांची पाकिटं, आणि मध्ये गणवेशातला माणूस हलत नाही, बोलत नाही. दिग्दर्शक म्हणतो गेलं ते बरं झालं, त्याशिवाय ट्रंक उभी राहिली नसती. मला वाटतं आम्ही जरा लवकर सोडलं. त्या शॉटमध्ये तो मिरवणुकीत भाग घेत नव्हता, त्याला घरी जायचा रस्ता मिळत नव्हता. दिल्लीला तेवढं एक पान लिहून समजावता आलं असतं. तेव्हा तारीख एकदा गेलेली होती आणि पुन्हा जाऊ द्यायची कुणाची तयारी नव्हती, माझीही नाही. तो शॉट माझ्या हार्ड डिस्कवर आहे. सुभेदार मेजरांना मी तो मागच्या पोंगलला पुन्हा दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, टोपी घातली असती तर ठेवता आला असता का, ते विचारायला हवं होतं.